एचडीआर प्रतिमा जेपेगमध्ये नेताना उजेड का हरवतो?

प्रश्न : इमेजमॅजिकने (आज्ञा देऊन प्रतिमा बदलणारे सॉफ्टवेअर) ईएक्सआर फाइल (एचडीआर, म्हणजे उजेडाचा मोठा पल्ला साठवणारी प्रतिमा) जेपेगमध्ये बदलली, तर खिडकीचा भाग सपाट पांढरा झाला. तीच जेपेग पुन्हा ईएक्सआर केली, तरी तपशील परतला नाही. चूक कुठे?

उत्तर : ईएक्सआरमध्ये पूर्ण पांढऱ्याची किंमत १ धरली, तरी १६ बिट हाफ फ्लोटमध्ये (दशांश आकडे साठवण्याची पद्धत) ६५,५०४ पर्यंतचे आकडे मावतात. जेपेगमध्ये १ च्या वरचे सगळे छाटले जाते, आणि छाटलेले परत मिळत नाही. म्हणून मूळ ईएक्सआर कधीही पुसू नका.

आधी 'मॅजिक -व्हर्जन' चालवा. उत्तरात 'एचडीआरआय' (१ च्या वरच्या किमती सांभाळण्याची सोय) हवे, नाहीतर छाटणी फाइल वाचतानाच होते. 'डेलिगेट्स'च्या (मदतनीस लायब्ररींच्या) ओळीत ईएक्सआर वाचणारे ओपनईएक्सआरही दिसायला हवे.

नुसता उजेड दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे निम्मा) उतरवायचा तर (आज्ञा अर्थातच रोमन अक्षरांत द्या) : मॅजिक खोली.ईएक्सआर -इव्हॅल्युएट मल्टिप्लाय ०.२५ खोली.पीएनजी. खिडकी सुधारेल, पण खोली काळवंडेल. दोन्ही हवे असेल तर टोन मॅपिंगला, म्हणजे उजेडाचा मोठा पल्ला पडद्याच्या पल्ल्यात बसवण्याला, पर्याय नाही. त्यासाठी पीएफएसटूल्स हा एचडीआर प्रतिमांचा आज्ञासंच उत्तम : पीएफएसइन खोली.ईएक्सआर | पीएफएसटीएमओ_रेनहार्ड०२ | पीएफएसआउट खोली.पीएनजी. चित्र गडद आले, तर शेवटच्या टप्प्याआधी 'पीएफएसगॅमा -जी २.२' घाला.

साठवणीसाठी रेडियन्स एचडीआर हा दुसरा फाइल प्रकार निवडण्याआधी विचार करा. त्यात तिन्ही रंगांना एकच सामाईक घातांक असतो. पारदर्शकता आणि ऋण किमती त्यात राहत नाहीत. ईएक्सआरच ठेवा, झिप कॉम्प्रेशनसह; त्याने हाफ फ्लोटमधला एकही आकडा बदलत नाही.