उभ्या गाडीचे टायर: वाचकांचे प्रश्न, माझी उत्तरं

लीड्सहून एक वाचक विचारतात: आमची 2018 ची मोटरहोम (आत राहायची सोय असलेली गाडी) आहे, चालवलीय जेमतेम 14 हजार मैल. ट्रेड (टायरवरची नक्षी) 6 मिमी शिल्लक आहे, एमओटी (ब्रिटनमधली गाडीची वार्षिक तपासणी) पण पास झाली, तरी गॅरेजवाला म्हणतोय चारही टायर बदला. उगाच खर्चात पाडतोय का?

मला नाही तसं वाटत. आधी टायरची जन्मतारीख बघा. साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवर, डीओटी (DOT) या अक्षरांनी सुरू होणारी एक ओळ असते, तिच्या शेवटी छोट्या लांबट चौकटीत चार आकडे असतात. 3817 असेल तर 2017 चा 38 वा आठवडा, म्हणजे सप्टेंबर. गाडी 2018 ची असली तरी टायर त्याच्या आधीचे निघू शकतात. आणि हो, तारीख बऱ्याचदा एकाच बाजूला छापलेली असते, बाहेरून दिसली नाही तर टॉर्च घेऊन आतल्या बाजूने बघा.

आता मुख्य मुद्दा. कारचे टायर झिजून जातात, मोटरहोमचे उभ्या उभ्या म्हातारे होतात. रबरात मेण आणि ओझोनपासून वाचवणारी रसायनं मिसळलेली असतात, टायर फिरताना दबतो-सुटतो तेव्हा ती आतून पृष्ठभागावर येत राहतात आणि एक पातळ थर धरतात. गाडी सहा महिने हललीच नाही तर तो थर नीट धरत नाही, मग ओझोन, ऊन आणि ऑक्सिजन मिळून रबर कडक करतात. साइडवॉल अंगठ्याने जरा दाबून बघा, केसासारख्या भेगा उघडताना दिसतील. ट्रेडच्या खाचांच्या तळाशीही बघा, तिथे कोणी बघतच नाही.

एमओटीत खोल चीर, फुगा, टायरच्या आतली उघडी पडलेली दोरी हे धरतात, खाजगी मोटरहोमच्या टायरचं वय नाही धरत. ब्रिटनमध्ये 1 फेब्रुवारी 2021 पासून दहा वर्षांवरच्या टायरवर बंदी आली ती लॉरी, बस, कोच यांच्या पुढच्या चाकांना आणि मिनीबसच्या सिंगल चाकांना, तुमच्या गाडीला ती लागू नाही. पण म्हणून टायर ठणठणीत आहे असं होत नाही ना. मिशेलिन पाच वर्षांनंतर दरवर्षी तज्ज्ञाकडून तपासणी आणि दहा वर्षांनी काहीही झालं तरी बदला असं सांगतं. मी सात वर्षांनंतर भरलेली मोटरहोम मोटरवेवर नेऊ देणार नाही, पूर्ण लोडवर मागचा टायर फुटला तर चाकाच्या वरचं पॅनल, पाइप, वायरिंग सगळं फाडून जातो आणि आत आपली माणसं असतात. नवीन घेताना सीपी (CP) खूण असलेले घ्या, ते अशा जड गाड्यांसाठीच बनवतात.

मिल्टन कीन्सहून: कॅरॅव्हॅन (कारमागे ओढायचं चाकांवरचं घर) ऑक्टोबर ते मार्च यार्डात उभी असते. चाकं काढून ठेवू का?

जागा असेल आणि यार्डवाले परवानगी देत असतील तर जरूर काढा. चेसिसला योग्य जागी ॲक्सल स्टँड (वजन पेलणारे टेकू) लावा, कोपऱ्यातल्या स्टेडीजवर (खाली सोडायच्या पायांवर) वजन देऊ नका, त्या फक्त डुलणं थांबवायला असतात. चाकं घरात थंड, कोरड्या, अंधाऱ्या जागी ठेवा, बॉयलरजवळ नको. काढणं जमत नसेल तर महिन्यातून एकदा कॅरॅव्हॅन थोडी पुढेमागे करून चाक पाव फेरा फिरवा, नाहीतर त्याच जागी चपटेपणा येतो. टायरखाली प्लायवूड टाका, यार्डाच्या जमिनीवर सांडलेलं तेल-डिझेल रबर खातं.

जर्मनीतल्या मंडळींसाठी एक गोष्ट, तिथे कॅरॅव्हॅनला ताशी 100 किमीची परवानगी हवी असेल तर टायर सहा वर्षांच्या आतलेच लागतात.

न्यू जर्सीहून: क्लास सी आरव्ही (अमेरिकेतली मोटरहोमची एक जात) घराबाहेर असते. टायर काळेभोर राहावेत म्हणून दर महिन्याला टायर शाइन (टायर चमकवायचं द्रव) लावतो, चालेल?

पेट्रोलियम असलेलं लावत असाल तर आजच बंद करा, ते तोच संरक्षक थर धुऊन काढतं. साइडवॉलवर तपकिरी झाक दिसते ना, ती घाण नसते, ती आतून आलेली रसायनंच असतात, घासून काढू नका. सौम्य साबण, पाणी, मऊ ब्रश एवढं पुरे. ऊन अडवायला पांढरी कव्हरं घाला. मागे जोडचाकं असतील तर आतल्या टायरकडे पण लक्ष द्या, तो विसरला जातो.

नागपूरहून: ट्रॅव्हलरची कॅम्पर करून घेतलीय. उन्हाळाभर उभी ठेवताना हवा कमी केली की टायरवर ताण येत नाही असं ड्रायव्हर म्हणतो, खरं आहे का?

नाही, उलट होतं. हवा कमी असली की गाडीचं सगळं वजन साइडवॉलच्या वळणावर येतं, रबर तिथे घडी पडल्यासारखं वाकून राहतं आणि भेगा तिथूनच सुरू होतात. कंपनीने सांगितलेलं पूर्ण प्रेशर ठेवा, पाण्याची टाकी रिकामी करा, 100 लिटर म्हणजे 100 किलो सरळ कमी. प्रेशर महिन्यातून एकदा तपासा, तेही पहाटे, मे महिन्यात दुपारी तापलेल्या टायरवर आकडा जास्तच येणार आणि तुम्ही हवा सोडून बसाल. सावली हवीच. पण शेडशेजारी वेल्डिंगचं वर्कशॉप किंवा सतत चालणारी मोटर असेल तर दुसरी जागा बघा, ठिणग्यांमधून ओझोन तयार होतो.

आणि पुण्याहून एका ओळीचा प्रश्न: स्टेपनी कधी वापरलीच नाही, ती नवीच धरायची ना?

नाही. तिचे चार आकडे पण वाचा, वय तिथूनच मोजायचं.