‘तोवर सांभाळा’ म्हणून ठेवलेलं चित्र

प्रश्न : १९३९ साली व्हिएन्नाहून जीव वाचवून मुंबईला आलेलं एक ज्यू कुटुंब शिवाजी पार्कला आजोबांचं भाडेकरू होतं. १९४९ साली इस्रायलला जाताना त्यांनी एक तैलचित्र आमच्याकडे ठेवलं : त्यांची आजी शब्बाथच्या (ज्यूंच्या आठवड्याच्या विश्रांतीदिवसाच्या) मेणबत्त्या लावतेय. चित्रावर १९२१ साल आहे. आता त्यांची नात ते परत मागतेय. इतक्या वर्षांनी मुदत संपली ना?

उत्तर : नाही. आणि तसं तिला घाईघाईनं कळवूही नका.

तुम्ही पाठवलेल्या चिठ्ठीत ‘जागा मिळाली की मागवू, तोवर सांभाळा’ असं आहे. सगळं प्रकरण या ‘सांभाळा’वर उभं आहे. ही भेट नाही, विक्री नाही. करार कायदा, १८७२ च्या कलम १४८ चा निक्षेप आहे, म्हणजे परत करायच्या बोलीवर वस्तू दुसऱ्याकडे सोपवणं; कोर्टात आम्ही ज्याला बेलमेंट म्हणतो. अशी वस्तू परत मागायची मुदत तीन वर्षं, पण ती मोजायची मागणी नाकारल्यापासून (मुदत कायदा, १९६३, अनुच्छेद ७०). तुम्ही ‘नाही’ म्हणालात की घड्याळ सुरू होईल. फुकट निक्षेप दोघांपैकी एकाच्या मृत्यूनं संपतो, हे कलम १६२ एखादा वकील तुम्हाला दाखवेल. निक्षेप संपला तरी चित्र तुमचं होत नाही.

आता चित्र भिंतीवरून उतरवून मागची बाजू बघा. १९३८ साली नाझींनी ऑस्ट्रिया गिळल्यावर व्हिएन्नाहून कलावस्तू बाहेर न्यायला तिथल्या स्मारक-संरक्षण कार्यालयाची परवानगी लागे, आणि शिक्का बहुधा मागेच मारत. बऱ्यापैकी मालमत्ता असलेल्यांकडून पाव हिस्सा ‘पलायन कर’ म्हणून उकळत, तो वेगळाच. शिक्का सापडला तर हे चित्र त्या घरानं रीतसर आणल्याचा भक्कम पुरावा होईल. फोटो काढा, हात लावून पुसू नका.

नातीकडून वारसाचे कागद आणि इतर वारसांची संमती मागा. चौकट, बुरशी यांवर झालेला आवश्यक खर्च कलम १५८ खाली मागता येतो. (मी तुमच्या जागी असतो तर मागितला नसता.)

खरी अडचण पुढेच आहे. चित्र शंभरी ओलांडलेलं, म्हणजे १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येतं. ते कुठल्या देशात काढलं हे तो कायदा विचारत नाही. अशी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. कुरिअर केलंत तर तुरुंगाची वेळ येईल. तेव्हा आधी ‘मालकी तुमची, ताबा सांभाळापुरता आमचा’ असा दोघांच्या सहीचा लेख करा आणि निर्यातीबद्दल भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे लेखी विचारणा करा. उत्तर येईपर्यंत आजी तुमच्याच भिंतीवर राहू द्या.