फ्रान्समध्ये मोटारी नसलेल्या, चढउताराच्या कच्च्या वाटांवर सायकल चालवायला कुठे जावं?

तुम्ही विचारलंय की जूनमध्ये तुम्ही दोघं पॅरिसला येताय, हाताशी पाच दिवस आहेत, रुंद टायरच्या ग्रॅव्हल सायकली भाड्याने घेणार आहात, आणि मोटारींचा आवाजही येणार नाही अशा कच्च्या वाटांनी टेकड्याटेकड्यांचा शेतीचा मुलूख बघायचाय. मी गेली नऊ वर्षं पॅरिसच्या उपनगरात राहतो आणि सुट्टी मिळाली की सायकल गाडीत घालून निघतो. तुमच्यासाठी मी डोळे मिटून पर्श सांगेन. पॅरिसच्या पश्चिमेला, नॉर्मंडीच्या दक्षिण कडेला हा भाग आहे. १९९८ पासून तिथे प्रादेशिक निसर्ग उद्यान आहे, पण उद्यान म्हणजे कुंपण घातलेलं अभयारण्य नव्हे. गावं, शेतं, गोठे, जंगल सगळं त्यातच येतं.

तुमच्या दोन अटी एकमेकींच्या विरुद्ध जातात, ते आधी सांगतो. फ्रान्समधल्या मोटारी नसलेल्या वाटा बहुतेक करून दोन प्रकारच्या. एक, बंद पडलेल्या रेल्वेमार्गांवर केलेल्या, आणि दुसऱ्या कालव्याकाठच्या, जिथून पूर्वी घोडे दोरखंडाने नावा ओढत. दोन्ही मुळातच जवळजवळ सपाट. वाफेच्या इंजिनाला चढ झेपत नसे, म्हणून टेकडी आली की कटिंग करायचं आणि खोलगट भाग आला की भराव घालायचा. म्हणजे टेकड्या तुमच्या दोन्ही बाजूंना दिसत राहतात, पण मांड्यांना जाणवत नाहीत. पहिल्या वर्षी मी अशा वाटांवरच फिरलो आणि दर वेळी काहीतरी राहून गेल्यासारखं वाटायचं. मग लक्षात आलं की रेल्वेची वाट पाठीच्या कण्यासारखी धरायची आणि तिच्यावरून रोज एकदा बाजूच्या शेतवाटांवर, जंगलवाटांवर उतरायचं. हे सगळ्यात सोप्या रीतीने पर्शमध्ये जमतं.

इथे कोंदे-स्युर-वीन ते आलांसों असा ६७ किलोमीटरचा जुना रेल्वेमार्ग आता हरित वाट झालाय. फ्रेंचमध्ये तिला 'व्होआ व्हेर्त' म्हणतात. २००४ पासून फ्रान्सच्या वाहतूक नियमांत तिला स्वतंत्र जागा आहे: इंजिनाचं वाहन नाही, फक्त पायी चालणारे, सायकलवाले आणि घोडेस्वार. पॅरिसहून माँ-साँ-मिशेलला जाणाऱ्या व्हेलोसेनी या सायकलमार्गाचा हा एक तुकडा. रेल्वेच्या रुळांखालची मोठी खडी केव्हाच काढलीय. आता बराचसा भाग बारीक रेती-खडी दाबून केलेला आहे. आपल्याकडच्या चांगल्या दाबलेल्या मुरमाच्या रस्त्याची आठवण व्हावी असा, फक्त रंगाने फिकट. कोरडा असताना टायरखाली एकसारखा खरखर आवाज येतो. चाळीस मिलिमीटर रुंदीचे टायर घ्या, त्याहून बारीक नको.

जिथे गावरस्ता वाट ओलांडतो तिथे दोन्ही बाजूंना लाकडी अडसर असतात, मोटारी आत शिरू नयेत म्हणून. सायकलला दोन्हीकडे मोठ्या पिशव्या लावल्या असतील तर तिथे उतरून नागमोडी काढावी लागते. त्याच जागी बहुतेक वेळा एक छोटंसं घर दिसेल: पूर्वी फाटक उघडझाक करणाऱ्या माणसाचं. आता त्यात लोक राहतात, परसात भाजी लावतात. अशाच एका घरापाशी मी पंक्चर काढत बसलो होतो. आतल्या आजी काही न बोलता बाहेर आल्या, हात धुवायला पाण्याची बादली नि साबण ठेवला आणि परत वाफ्यात खुरपायला लागल्या. निघताना मी बादली पालथी घालून ठेवली, तेव्हा त्यांनी तिथूनच हात हलवला.

घोड्यांबद्दल नीट सांगायलाच हवं, कारण हा पर्शरॉन घोड्यांचा मुलूख. करडे-पांढरे किंवा काळे, रुंद छातीचे, ओझं ओढणारे घोडे. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या घोड्यांच्या ट्राम-बस ओढायला यांनाच नेत. कुंपणाला टेकून एखादा उभा असला की त्याची मान तुमच्या हँडलच्या बरीच वर येते. वाटेवर स्वारासह घोडा समोर दिसला तर वेग कमी करा आणि लांबूनच मोठ्याने 'बोंजूर' म्हणा. घंटी वाजवू नका. माणसाचा आवाज ऐकला की घोड्याला कळतं की येणारी वस्तू माणूस आहे. मागून गुपचूप येणाऱ्या सायकलला तो बिचकतो, आणि तसा बिचकलेला घोडा मी एकदा पाहिलाय.

आता चढउतार. पहिल्या दिवशी पॅरिसच्या मोंपार्नास स्टेशनवरून प्रादेशिक गाडीने कोंदेला उतरा, दोन तासांच्या आत पोहोचता. त्या गाड्यांत सायकल नेता येते, मात्र तुमच्या तारखेचे नियम आधी पाहून ठेवा. तिथून वीन नदीच्या खोऱ्याने रेमालारवरून मॉर्तान्यपर्यंत सावकाश या. गाव टेकडीवर आहे आणि रेल्वेची वाट खालून जाते, त्यामुळे मुक्कामाला पोहोचताना पहिला खरा चढ लागतो. मॉर्तान्यलाच तीन रात्री राहा.

दुसऱ्या दिवशी पूर्वेला रेनो-व्हालदिअचं जंगल, तिसऱ्या दिवशी दक्षिणेला बेलेमचं. दोन्ही सरकारी जंगलं. आतल्या वनरस्त्यांच्या तोंडाशी अडसर असतो, म्हणजे मोटार नाही आणि सायकल चालते. बेलेमच्या जंगलात तीनशे वर्षांहून जुने ओक आहेत, सरळसोट, चाळीस मीटरच्या आसपास उंच. सतराव्या शतकापासून फ्रान्सने आरमारासाठी ओकची जंगलं राखली, आणि लाकडाच्या जहाजांचा काळ संपला तरी ही झाडं उभी राहिली. त्याच जंगलात एर्सचं तळं आणि त्याच्याजवळ लॅटिन अक्षरं कोरलेला झऱ्याचा दगड आहे. मी तिथे जेवायला थांबतो. चढ लांब नसतात, पण संपत नाहीत: दहा मिनिटं वर, तीन मिनिटं खाली, वळणापलीकडे पुन्हा वर. दिवसाला चाळीस किलोमीटर धरा. नकाशावर ते कमी वाटेल, संध्याकाळी वाटणार नाही.

जंगलांच्या मधल्या शेतवाटांना 'शमँ रुराल' म्हणतात. त्या ग्रामपालिकेच्या मालकीच्या आणि लोकांच्या वापरासाठी असतात. दोन्ही बाजूंना बांधावर झाडांची दाट कुंपणं, मधे गवताची पट्टी, चाकांच्या दोन चाकोऱ्या. फ्रेंच भूगोल संस्थेचा १:२५,००० नकाशा फोनवर मोफत बघता येतो. त्यात सलग बारीक रेघ म्हणजे शेतवाट, तुटक रेघ म्हणजे पायवाट. तुटक रेघेवर जाऊ नका, कधी कधी शेवटी सायकल खांद्यावर घ्यावी लागते. पाटीवर 'खासगी मालमत्ता' लिहिलेलं असेल तर मागे फिरा. पुढे दुसरी वाट असतेच.

एक इशारा मात्र जपून ठेवा. पर्शच्या पठारावर चकमकीच्या दगडांनी भरलेली चिकणमाती आहे. पाऊस पडून गेल्यावर ती टायर आणि फ्रेमच्या मधे गच्च बसते. एका ऑक्टोबरात माझं मागचं चाक फिरायचंच थांबलं. काटकीने माती उकरत, पुढे दोन पावलं, पुन्हा उकरत, असे मी दोन किलोमीटर चालत आलो, आणि मातीतून निघालेल्या चकमकीच्या कपचीने टायरला नखाएवढी चीर पडली. चकमक फुटली की तिची कड पात्यासारखी धारदार होते. म्हणून पाऊस झाला तर एक दिवस शेतवाटा सोडा, रेल्वेच्या वाटेवर राहा. टायरच्या आतून लावायला जाड तुकडा आणि दोन जास्तीच्या ट्यूब जवळ ठेवा. ऑक्टोबरात शिकारीचा हंगामही असतो, तेव्हा जंगलाच्या कडेला शिकार चालू असल्याच्या पाट्या दिसतात आणि तिथून परत फिरावं लागतं. तुम्ही जूनमध्ये येताय ते फार चांगलं आहे. रात्री दहापर्यंत उजेड, गवत कापणी चालू, सगळीकडे वाळत्या गवताचा वास.

पाण्याची सोय गावच्या कब्रस्तानात. फाटकाच्या आत नळ असतो, लोक फुलांना पाणी घालायला तो वापरतात, शेजारी झाऱ्या टांगलेल्या असतात. पिण्यायोग्य नसेल तर तसं लिहिलेलं असतं. आत शिरताना टोपी काढा आणि सायकल बाहेर ठेवा. खाण्याचं मात्र अडतं: लहान गावांतली दुकानं दुपारी बंद, सोमवारी तर बऱ्याच बेकऱ्याही बंद. सकाळीच पाव, चीज, फळं घेऊन निघा. शाकाहारी असाल तर मॉर्तान्यच्या खानावळीत 'बूदँ नोआर' दिसला की दूर राहा. तो डुकराच्या रक्ताचा सॉसेज, आणि हे गाव त्यासाठीच प्रसिद्ध आहे.

चौथ्या दिवशी मॉर्तान्यहून ल मेल-स्युर-सार्तवरून आलांसोंला या. ल मेलला तळं आहे, उकाडा असेल तर पोहून घ्या. आलांसोंची सुईने विणलेली लेस २०१० पासून युनेस्कोच्या यादीत आहे. पाचव्या दिवशी सकाळी संग्रहालयात ती जवळून बघा आणि दुपारी ल मांसला गाडी बदलून पॅरिसला परता.

जमलं तर शुक्रवारी मॉर्तान्यला पोहोचा. तिथला बाजार शनिवारी सकाळी भरतो, आणि जूनमध्ये चेरी आलेल्या असतात. एक किलो घ्या, हँडलच्या पिशवीत वरच ठेवा; बेलेमपर्यंत पुरतील.