सांगलीच्या ऑफिसात लॉगिनला पाच मिनिटं का लागतात?

तुम्ही लिहिलंय की पासवर्ड टाकल्यावर 'वेलकम'चं चक्र पाच मिनिटं फिरतं, पण नेटवर्कची केबल काढली की डेस्कटॉप लगेच येतो. म्हणजे मशीन धडधाकट आहे, ते सर्व्हर शोधत बसलंय. रॅमवर पैसे घालू नका.

आधी डीएनएस, म्हणजे नावावरून मशीनचा पत्ता सांगणारी सेवा, बघा. इथल्या मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या पेढीत, ऐन सौद्याच्या वेळी, मी हेच पाहिलं. नवा राउटर बसवला होता आणि त्याच्या डीएचसीपीतून (पीसींना नेटवर्कची सेटिंग आपोआप देणाऱ्या सोयीतून) सगळ्या पीसींना ८.८.८.८, म्हणजे गूगलचा बाहेरचा डीएनएस, मिळत होता. तुमचा डोमेन कंट्रोलर, म्हणजे लॉगिन तपासणारा ऑफिसातला सर्व्हर, कुठे आहे हे बाहेरच्या डीएनएसला कसं कळणार? पीसीला डीएनएस म्हणून फक्त तुमच्या या सर्व्हरचाच आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) द्या, ८.८.८.८ दुसरा पर्याय म्हणूनसुद्धा नको. बाहेरचे पत्ते सर्व्हर फॉरवर्डरमार्फत, म्हणजे पुढच्या डीएनएसकडे प्रश्न पाठवून, विचारून घेतो, इंटरनेट बंद पडत नाही.

तरीही फरक नाही? मग बंद झालेल्या जुन्या सर्व्हरवरचे मॅप केलेले (पीसीवर कायम जोडून ठेवलेले) ड्राइव्ह आणि प्रिंटर काढा. रोमिंग प्रोफाइल (लॉगिनला सर्व्हरवरून पीसीवर उतरणारं तुमचं डेस्कटॉप आणि सेटिंग) असेल तर डेस्कटॉपवर साठवलेल्या मोठ्या फाइली शेअर फोल्डरमध्ये हलवा. इव्हेंट व्ह्यूअरच्या (विंडोजमधल्या नोंदी दाखवणाऱ्या प्रोग्रामच्या) ॲप्लिकेशन लॉगमध्ये विनलॉगॉनच्या, म्हणजे विंडोजच्या लॉगिन भागाच्या, ६००५ आणि ६००६ क्रमांकाच्या नोंदी दिसल्या, तर कोणता टप्पा अडला ते तिथेच लिहिलेलं असतं. ती ओळ इथे टाका, पुढचं सांगतो.