व्हिडिओ पसरला, पण आजींना विचारलं कुणी?

माझ्याकडे आलेला कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतला तरुण. तक्रार झोपेची. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) गल्लीतल्या आजींना त्यांचा मुलगा ढकलतानाचा व्हिडिओ त्यानं तालमीच्या ग्रुपवर टाकला. तासाभरात पोरं दारात जमली, शिवीगाळ झाली. दुसऱ्या दिवसापासून आजी कट्ट्यावर दिसेनाशा झाल्या. "राग लई येतोय अजून, पण मीच घोळ घातला वाटतंय. आता मध्ये पडू का नको?"

हे बरेच जण विचारतात. राग यायलाच हवा. पण त्याला शिक्षेची घाई असते, आणि आजींना रात्री त्याच घरात झोपायचं असतं. गर्दी पांगली की चारचौघांत झालेल्या अपमानाचा वचपा दाराआड त्यांच्यावरच निघतो. पोटच्या पोरानं हात उचलल्याची लाज त्यांनाच जास्त, म्हणून 'मीच पडले' म्हणतात. मग लोक म्हणतात, आजींनाच नको तर आपण कशाला? तिथं मदत थांबते.

पहिलं काम, ग्रुपवरून व्हिडिओ काढणं. मूळ फाइल मात्र काटछाट न करता जपायची, तो पुरावा आहे. मग तरुणाच्या आईनं, आजींचा मुलगा कामावर असताना, भाजी निवडायच्या निमित्तानं आजींजवळ बसायचं. 'मारतो का?' विचारलं की 'नाही' येतं. गोळ्या कोण आणतं, पेन्शनचं पासबुक कुणाकडे, रात्री भीती वाटते का, असं विचारत जायचं. आणि त्यांना स्वतःला काय हवंय, हेही.

या आजींना पोलीस नको होते. पोरानं पिऊन खोलीत येऊ नये आणि बीपीच्या गोळ्या चुकू नयेत, एवढंच. ज्येष्ठांसाठीच्या १४५६७ या हेल्पलाइनवर तरुणाच्या आईनं त्यांच्याशेजारी बसून फोन लावला. पुढं लागलाच तर आईवडील व ज्येष्ठांच्या निर्वाहाच्या २००७ च्या कायद्याखाली प्रांताधिकाऱ्यांकडे निर्वाहखर्चाचा अर्ज करता येतो. निकालाची मुदत मुलाला नोटीस मिळाल्यापासून ९० दिवसांची, फार तर आणखी ३०. आजींना जमत नसेल तर त्यांनी नेमलेली व्यक्ती अर्ज करू शकते.

मारहाण चालू असताना मात्र विचारत बसायचं नाही. थेट ११२. लागलं असेल तर सीपीआर या सरकारी रुग्णालयात न्यायचं आणि जखमा कशानं झाल्या ते केसपेपरवर लिहून घ्यायचं.

तरुणाला रोजचं एक काम दिलं: सकाळी दारातून "आजी, दूध आणू का?" अशी हाक. खिडकीत पिवळा टॉवेल दिसला तर हाक न मारता आधी आईला बोलवायचं, हे आजींनीच ठरवलं.