पूर्वग्रह, पूर्वाग्रह आणि ‘असून’

प्रश्न असा आला आहे: ‘ऑफिसात अनकॉन्शस बायसवर, म्हणजे नकळत एका बाजूला झुकण्यावर, कार्यशाळा आहे. भित्तिपत्रकावर मराठीत काय लिहू? पूर्वग्रह की पूर्वाग्रह?’

सोपं आधी उरकते. मराठीत पूर्वग्रह. ‘माझ्याबद्दल भलताच ग्रह करून घेतलास’ म्हणतो, तोच हा ग्रह. पूर्वाग्रह हा हिंदीतला, पूर्व अधिक आग्रह; हल्ली इकडेही दिसतो. मुळाशी धातू एकच, ग्रह्. ‘गृहीत’ही त्याचंच पोर, तेव्हा कृपा करून ‘ग्रहित’ लिहू नका.

पण तुमच्या कामाला पूर्वग्रहही पुरा पडत नाही. पूर्वग्रह म्हटलं की अढी आली, आणि मनातली अढी बहुधा आपल्याला ठाऊक असते. बायसला अढी लागतच नाही. मुलाखतीला आपल्या गावचा उमेदवार आला की प्रश्न आपोआप सोपे होतात. त्यात कुणाचा राग आहे? इंग्रजीत हा शब्द मुळात तिरकेपणाचा. ब्लाउजच्या गळ्याला शिंपी तिरक्या कापडाची जी उरेब पट्टी लावतो, तिलाही तिकडे बायसच म्हणतात. गळा कसा वळतो ते त्या पट्टीमुळे, पण उलटून पाहिल्याशिवाय ती दिसत नाही. म्हणून मी ‘कल’ म्हणेन. ‘नकळतचा कल’. ‘अबोध’ आणि ‘नेणिवेतला’ हे शब्द पुस्तकात शोभतात, लिफ्टशेजारच्या भिंतीवर नाही.

मानसशास्त्रात हा विचार रुजवणाऱ्या अँथनी ग्रीनवाल्ड आणि सिकंदराबादेत वाढलेल्या महजरीन बानाजी यांनी १९९५च्या त्यांच्या लेखात शब्द घेतला तो ‘इम्प्लिसिट’. म्हणजे गर्भित. मला तो फार आवडतो, कारण भाषेत कल असाच असतो: शब्दांत नाही, अर्थामध्ये.

‘असून’ घ्या. ‘ते डॉक्टर असून लातूरला राहतात.’ इथे असून म्हणजे ‘आणि’. ‘डॉक्टर असून सिगारेट ओढतात.’ इथे ‘तरी’. रूप तेच. कुठला अर्थ घ्यायचा हे वाक्य सांगत नाही, ऐकणारा ठरवतो. आता ही जोडी मोठ्यांदा वाचा:

ते रिक्षाचालक असून त्यांना दोन मुलं आहेत.
त्या रिक्षाचालक असून त्यांना दोन मुलं आहेत.

पहिलं वाक्य आईला ऐकवलं. ती मटार सोलत होती. ‘बरं, मग?’ म्हणाली. दुसऱ्याला हात थांबला. ‘बाई गं, सगळं कसं जमवत असेल!’ फरक फक्त ‘ते’ आणि ‘त्या’चा; ‘तरी’ तिनं स्वतःच्या पदरचा घातला. हसू नका, लिहिताना मीही घातला होता.

उलट बाजूनंही हा शब्द सोसलाय. ‘विदर्भातल्या असून किती शुद्ध बोलता!’ पुण्यात हे मला कौतुकानं ऐकवलं जातं. बोलणाऱ्याच्या मनात अढी नसते, खरंच नसते. पूर्वग्रह म्हटलं तर त्यांना राग येईल, आणि तो रास्तच असेल.

तेव्हा भित्तिपत्रकावर वर ‘नकळतचा कल’ आणि खाली रिक्षावाली दोन वाक्यं, बाकी काही नको. ते आधीच छापून झालं असेल, तर निदान ‘पूर्वाग्रह’मधला काना तेवढा खोडा.