लघवीची पिशवीच काढून टाकू का?

वाचकांचे प्रश्न : लघवीच्या जागेचं जुनं दुखणं आणि ऑपरेशन

प्रश्न : डॉक्टर, मी निपाणी तालुक्यातली, वय 41, घरी बिड्या वळते. कितीतरी वर्षं झाली ओटीपोटात दुखतंय, लघवी साठली की कळ यायला लागते, जाऊन आलं की जरा बरं वाटतं आणि तासाभरात परत तेच. रात्रीची झोप नाही. लघवी तपासली की दरवेळी रिपोर्ट नॉर्मल, तरी अँटिबायोटिकचा कोर्स देतात. एका दवाखान्यात गर्भाशयामुळं दुखतंय म्हणाले आणि ते काढलं, तरी दुखणं आहे तिथंच आहे. सासूबाई म्हणतात मनाचे खेळ आहेत. आता कुणीतरी सांगितलं की लघवीची पिशवी काढून आतड्याची नवीन बसवतात, माझी तयारी आहे. कोल्हापूरला जाऊ की बेळगावला? पैशाचंही बघावं लागेल.
– एक ताई, निपाणी तालुका

उत्तर : ताई, आधी सासूबाईंना सांगा, हे मनाचे खेळ नाहीत. पिशवी भरली की कळ, रिकामी झाली की आराम, आणि कल्चरमध्ये, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून बघायच्या तपासणीत, जंतू नाहीत, हे चित्र आम्हाला ओपीडीत चांगलं ओळखीचं आहे, त्याला ब्लॅडर पेन सिंड्रोम म्हणतात, जुन्या कागदांवर इंटरस्टिशियल सिस्टायटिस असं लिहिलेलं दिसेल. याची अशी एकच टेस्ट नाही, बाकीचे आजार एकेक करून बाजूला काढावे लागतात. त्याला वेळ लागतो आणि तेवढा वेळ कुणी देत नाही म्हणून तर पेशंट अँटिबायोटिक खात फिरत राहतात. गर्भाशयाचं तर काय बोलायचं. दुखणं लघवी भरल्यावर वाढतं का, एवढा एक प्रश्न आधी कुणी विचारला असता तर कदाचित ते ऑपरेशन टळलं असतं. आपल्या भागात बाईचं ओटीपोट दुखलं की सगळ्यांचं बोट पहिलं गर्भाशयाकडंच जातं, ही खोडच झालीय.

आता बाजूला काय काय काढायचं ते सांगतो. पहिला टीबी. मूत्रमार्गाचा टीबी आपल्याकडं आहे, त्यात लघवीत पेशी दिसतात पण साध्या कल्चरमध्ये काहीच उगवत नाही, आणि पिशवी आकसत आकसत जाते. त्यासाठी सकाळची पहिली लघवी ओळीनं तीन दिवस द्यावी लागते, सीबीनॅट ही टीबीचे जंतू शोधायची तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट होते. दुसरं, लघवीतून रक्त कधी गेलंय का? तुम्ही मिश्री लावत असाल, तंबाखू खात असाल नाहीतर घरात कुणी ओढत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, लाजू नका, कारण पिशवीच्या कॅन्सरचा आणि तंबाखूचा जवळचा संबंध आहे. तिसरं म्हणजे सोनोग्राफी करून खडा नाही ना ते बघायचं.

आणि एक काम घरी करा. प्लॅस्टिकचा मापाचा मग घ्या आणि तीन दिवस वहीत लिहा, किती वाजता गेलात, किती मिली झाली, कळ किती होती. मोठ्या माणसाच्या पिशवीत साधारण 300 ते 500 मिली मावते. तुमचे आकडे सारखे 80, 100 असेच येत असतील तर ती वही डॉक्टरांपुढं ठेवा, तोंडी सांगण्यापेक्षा दहा पट उपयोग होतो.

त्यानंतर दुर्बीण, म्हणजे सिस्टोस्कोपी. काही जणांच्या पिशवीत आतून लालसर चट्टे दिसतात, हन्नर लीजन म्हणतात त्यांना, अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या हन्नर डॉक्टरांनी 1915 च्या सुमाराला हे लिहून ठेवलं म्हणून ते नाव. ते दिसले तर दुर्बिणीतूनच जाळतात किंवा तिथं स्टेरॉइडचं इंजेक्शन देतात, आणि कित्येकांना त्यानं चांगला आराम पडतो. चट्टे परत येऊ शकतात, मग परत करावं लागतं. तुम्ही ऑपरेशन म्हणताय ना, तर या आजारात बघण्यासारखं पहिलं ऑपरेशन हे आहे, पोट फाडायचं नाही.

चट्टे नसले तर गोळ्या. अ‍ॅमिट्रिप्टिलीन नावाची गोळी रात्रीची देतात, 10 मिलिग्रॅमपासून सुरू करतात. औषधवाला ‘ही डिप्रेशनची आहे’ म्हणाला म्हणून फेकून देऊ नका, नसांचं दुखणं कमी करायला ती कमी डोसमध्ये चालते. नळीवाटे पिशवीत औषध सोडायचाही उपाय आहे. चहा, ठेचा, टोमॅटो, लिंबू हे एकदम सगळं बंद करायची गरज नाही, एकेक पंधरा दिवस सोडून बघा, फरक कशानं पडतो ते कळेल.

आता तुमच्या बसण्याचं. सूप मांडीवर घेऊन बसलं की ठरलेल्या बिड्या झाल्याशिवाय उठायचं नाही, लघवी दाबून धरायची, असं वर्षानुवर्षं चालतं ना? त्यानं ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आखडून जातात आणि मग ते स्वतःच दुखायला लागतात. हे स्नायू सैल करणारी फिजिओथेरपी असते, ती मागून घ्या. यूट्यूबवर बघून केगल मात्र करू नका, ते आवळायचे व्यायाम आहेत, आखडलेल्या स्नायूला आणखी आवळलं तर दुखणं वाढेल.

पिशवी काढायची गोष्ट सगळ्यात शेवटी. ती कुणाला करतात? बाकी सगळं करून झालंय, आणि भूल दिल्यावर पण पिशवीत फारसं पाणी मावत नाही, इतकी ती आकसून कडक झालीय, अशांना. टीबीनं आकसलेली असेल तर आधी टीबीची औषधं पूर्ण करून मग आतड्याचा तुकडा जोडून ती मोठी करतात, आणि तिथं ते ऑपरेशन खरंच आयुष्य बदलतं. पण तुमच्यासारखं दुखणं असेल तर पिशवी काढूनही काही जणींचं दुखणं तसंच राहतं, कारण इतक्या वर्षांत नसांनाच दुखायची सवय लागलेली असते. वर पोटाला कायमची थैली, नाहीतर स्वतः नळी घालून लघवी काढणं, आतड्याचा बुळबुळीत स्राव लघवीत येणं, बी-12 आणि किडनीच्या तपासण्या जन्मभर. एक अवयव असाच गेलाय, दुसरा घाईनं देऊ नका.

कोल्हापूर की बेळगाव, तर जिथं युरॉलॉजिस्ट आहे आणि परत परत जाता येईल तिथं जा. महाराष्ट्र हक्क सांगतो त्या सीमाभागातल्या 865 गावांत तुमचं गाव असेल तर 2023 मध्ये महाराष्ट्र सरकारनं महात्मा फुले योजना (मोफत उपचारांची) तिथं लागू केलीय, कर्नाटकात बीपीएल कार्डावर आयुष्मान आहे पण त्याला बहुतेक वेळा सरकारी दवाखान्याचं रेफरल लेटर लागतं. दोन्हीकडं अ‍ॅडमिट व्हायच्या आधी आरोग्यमित्राला, म्हणजे दवाखान्यात योजनेचं काम बघणाऱ्याला, गाठून ‘या ऑपरेशनचं पॅकेज आहे का’ एवढं स्पष्ट विचारा. आणि संमतीचा फॉर्म कन्नड नाहीतर इंग्लिशमध्ये असला तर तो कुणाकडून तरी मराठीत वाचून घेतल्याशिवाय अंगठाही नको आणि सहीही नको.

प्रश्न : वय 29, चिकोडी तालुका, साखर कारखान्यात कामाला आहे. हर्नियाचं ऑपरेशन झालं, जाळी बसवली, तेव्हापासून डाव्या गोटीत सारखं ठणकतंय, गाडीवर बसवत नाही, लग्नाचं बघतायत पण घरात सांगायची लाज वाटते. डॉक्टर, एक गोटी काढली तरी मुलं होतात ना? मग काढूनच टाका म्हणतो.

उत्तर : होतात, दुसरी चांगली असेल तर. पण भावा, थांब. जाळीचं ऑपरेशन होतं त्याच वाटेवरून नसा गोटीकडं जातात, आणि नस अडकली किंवा दुखावली की ठणका खाली जाणवतो, गोटीत काहीच नसतं. आधी डॉपलर सोनोग्राफी कर, गाठ वगैरे नाही ना ते कळू दे. मग वर जांघेत नसेला सुन्न करणारं इंजेक्शन देऊन बघतात. तासाभरासाठी का होईना दुखणं पूर्ण थांबलं तर दुखणं त्या नसेतलं, मग मायक्रोस्कोपखाली त्या बारीक नसा कापायचं ऑपरेशन उपयोगी पडू शकतं, गोटी राहते. इंजेक्शननं काही फरक पडला नाही तर कंबर, खुबा, नाहीतर वरच्या नळीतला खडा शोधायचा, आणि अशा वेळी गोटी काढली तर गोटीही गेली आणि ठणकाही राहिला. फक्त एक लक्षात ठेव, एकदम जोराची कळ आली, उलटी झाली, गोटी वर ओढल्यासारखी वाटली तर वाट बघू नको, गोटीला पीळ पडलेला असू शकतो आणि सहा तासांत ऑपरेशन झालं तर ती वाचते. घरात नको वाटतं तर निदान एखाद्या मित्राला सोबत घेऊन जा.

प्रश्न : आईचं मुतखड्याचं ऑपरेशन झालं, खानापूरला घरी आणलं. खडा गेला पण आता लघवी करताना पाठीत कळ जाते म्हणते. ऑपरेशन फसलं का?

उत्तर : बहुतेक नाही. आत डीजे स्टेंट, म्हणजे किडनीपासून पिशवीपर्यंतची बारीक नळी, ठेवला असेल, डिस्चार्ज कार्डावर बघा. लघवी करताना ती नळीतून उलटी किडनीकडं चढते म्हणून पाठीत कळ जाते, टॅम्सुलोसिनसारख्या गोळीनं कमी होते, विचारून द्या. थंडी वाजून ताप आला तर मात्र त्याच दिवशी परत न्या. स्टेंट काढायची तारीख कार्डावर नसेल तर आजच फोन करून विचारा, कळ थांबली की लोक स्टेंट विसरतात आणि वर्षभरानं त्यावरच खडे चढलेले घेऊन येतात, मग ते काढायला मूळ खड्यापेक्षा मोठं ऑपरेशन लागतं.